सायकलची चेन केव्हा बदलावी?

(ग्रामीण शाळांतील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषा, गणित आणि अध्यापनपद्धती यांच्या पंक्तीला सायकलची चेन बसवावी काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या गावी चौथीपुढे अथवा सातवीपुढे शाळा नाही, त्या गावच्या मुलामुलींचे पुढील शिक्षण पुष्कळदा सायकलवरच अवलंबून असते. शासनाच्या आणि जिल्हा परिषदांच्या योजनांतून मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. सायकल मिळते तो दिवस समारंभाचा असतो. ती बंद पडते तो दिवस मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. हजेरीपटावर तेवढा तो उमटतो. आधी दोन दिवस गैरहजेरी, मग आठवडा, आणि पुढे परीक्षेपर्यंत नाव केवळ पटावर, असा तो क्रम असतो. चौकशी केल्यास उत्तर मिळते, "सायकल बिघडली आहे." आणि सायकलीत काय बिघडले आहे हे पाहिल्यास कित्येक वेळा चेन सतत पडते, इतकेच आढळते.

टायर फाटला तर तो डोळ्यांना दिसतो. ब्रेक लागेनासा झाला तर हाताला कळतो. चेन मात्र गुपचूप झिजते. ती झिजत असताना सायकल चालतच असते, आणि म्हणून ती बदलण्याचा निर्णय एक तर फार लवकर होतो किंवा फार उशिरा. लवकर झाला तर गरीब पालकाचे पैसे वाया जातात. उशिरा झाला तर एका चेनच्या जागी चेन, फ्रीव्हील आणि पुढचे दातेरी चक्र अशा तिन्ही वस्तू घ्याव्या लागतात, शिवाय रस्त्यावर पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. हा निर्णय अंदाजाने न होता मापाने कसा व्हावा, हाच येथे विचाराचा विषय आहे.

१. चेनची घडण

आज सर्वत्र दिसणाऱ्या चेनचा मूळ नमुना हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या यंत्रज्ञाने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली सिद्ध केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, म्हणजे १८८५ साली, कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल पुढे आली. त्यापूर्वीच्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या मोठ्या चाकालाच जोडलेले असे. रोव्हरमध्ये दोन्ही चाके जवळजवळ सारखी झाली आणि पायाचे बळ चेनच्या द्वारे मागच्या चाकाकडे गेले. तेव्हापासून सायकलीत कितीतरी सुधारणा झाल्या. परंतु चेनचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

चेन म्हणजे एकाआड एक जोडलेल्या दोन प्रकारच्या कड्यांची माळ होय. बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या असतात आणि त्यांत दोन खिळे घट्ट ठोकून बसविलेले असतात. या खिळ्यांना कारागीर पिन म्हणतात. आतल्या कडीतही दोन पट्ट्या असतात, पण त्यांत खिळ्यांऐवजी दोन बारीक नळ्या बसविलेल्या असतात. या नळीला बुश म्हणतात. खिळा नळीतून जातो आणि नळीच्या बाहेरून एक सैल कडे फिरते. ते कडे म्हणजे रोलर. चक्राचा दाता ज्याला भिडतो तो हा रोलर होय.

एका खिळ्यापासून शेजारच्या खिळ्यापर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साधी काळी सायकल असो, गिअरची असो, लहान मुलाची असो, आज सर्वसाधारणपणे हे अंतर तेवढेच ठेवतात. चक्राचे दातेही याच अंतराने कापलेले असतात. चेन आणि चक्र यांचा सगळा व्यवहार या अर्ध्या इंचाच्या मेळावर चालतो, आणि चेनच्या झिजेने बिघडतो तो नेमका हाच मेळ.

२. झीज कोठे होते

"चेन ताणली गेली," असे सर्वजण म्हणतात. शब्द रूढ आहे, पण त्यामुळे समज चुकीचा होतो. पोलादी पट्ट्या रबराप्रमाणे लांबत नाहीत. झिजतात ते खिळे आणि नळ्यांच्या आतील बाजू. कडी दर वेळी वळताना खिळा नळीत थोडासा फिरतो. मध्ये तेल असेल तर हे फिरणे सुखाने होते. तेल संपून धूळ शिरली असेल तर खिळा कानसेवर घासल्यासारखा झिजतो. प्रत्येक सांध्यात रेसभर फट पडते आणि अशा शंभराहून अधिक फटी मिळून चेन लांब होते.

हे वळणे किती वेळा घडते याचा हिशेब वरच्या वर्गातील मुलांना घालण्यासारखा आहे. एका सायकलीच्या पुढच्या चक्राला ४८ दाते आणि फ्रीव्हीलला १८ दाते आहेत असे धरू या. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २ पूर्णांक २/३ वेळा फिरेल. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे ८८ इंच. म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे २३५ इंच, जवळजवळ सहा मीटर पुढे जाईल. शाळा पाच किलोमीटरवर असेल आणि वर्षात २२० दिवस जाणे-येणे झाले, तर प्रवास २,२०० किलोमीटरांचा होईल. पायडल न थांबविता हे अंतर कापले तर पायडलचे सुमारे ३ लाख ६९ हजार फेरे होतील. चेनमध्ये ११२ सांधे असतील तर तेवढ्यात अख्खी चेन सुमारे १ लाख ५८ हजार वेळा फिरेल, आणि दर खेपेला प्रत्येक सांधा चार वेळा वाकेल किंवा सरळ होईल: पुढच्या चक्रावर चढताना, उतरताना, फ्रीव्हीलवर चढताना आणि उतरताना. एका वर्षात एका सांध्याचे असे सहा लाखांहून अधिक वाकणे-उलगडणे होते. इतके करूनही तो टिकतो हेच नवल होय. तो झिजतो याचे नवल वाटू नये.

३. फसवी लक्षणे

चेन झिजली की नाही हे ठरविताना सामान्यतः तीन लक्षणे पुढे केली जातात. तिन्ही उपयोगी आहेत, पण एकट्याने एकही निर्णायक नाही.

पहिले लक्षण चेन ढिली पडण्याचे. चेन ढिली पडण्याचे कारण झीज असू शकेल, तसेच मागच्या चाकाचे नट सैल होऊन चाक पुढे सरकणे हेही असू शकेल. खालची चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहावी. एकूण हालचाल सुमारे अर्धा इंच असावी. अधिक असेल तर चाक मागे ओढून घ्यावे, अगदीच कमी असेल तर पुढे सारावे. कारण फार ताठ चेन स्वतःही लवकर झिजते आणि चाकाच्या व क्रँकच्या छऱ्यांवरही भार टाकते. पुढचे चक्र थोडे वेडेवाकडे फिरत असल्यास चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागते. अशा वेळी सर्वांत ताठ जागी माप घ्यावे.

दुसरे लक्षण झटका बसण्याचे. पायडलवर जोर देताच "खट्" असा आवाज होऊन पाय निसटल्यासारखा होतो. झटका ठरावीक अंतराने, पायडलच्या दर दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा बसत असेल, तर बहुधा एखादी कडी गंजून ताठ झालेली असते. चेन हाताने उलटी फिरवीत पाहिल्यास ती कडी फ्रीव्हीलवरून उतरताना वाकडी राहिलेली दिसते. तेल घालून ती हळूहळू वाकविली की पुष्कळदा मोकळी होते आणि नव्या चेनचा खर्च वाचतो. झटका अनियमित असेल आणि चेन जागच्या जागी असूनही पायडल पोकळ फिरत असेल, तर फ्रीव्हीलच्या आतील खटके निकामी झाले असण्याचा संभव अधिक. चढावर जोर लावताना चेनच दात्यांवरून उडी मारताना दिसली, म्हणजे मग झिजेकडे वळावे.

तिसरे लक्षण गंजाचे. तांबूस दिसणारी चेन वाईट आणि काळी तुळतुळीत चेन चांगली, असा सार्वत्रिक समज आहे. वरवरचा गंज पुसून निघतो. उलट तेलाने माखलेली, सुरेख काळी दिसणारी चेन आतून पूर्ण झिजलेली असू शकते, कारण त्या काळ्या लेपात तेलाबरोबर रस्त्याची सारी धूळही असते. चेनचे वय तिच्या रंगावरून ओळखता येत नाही.

४. मोजमाप

खरे उत्तर मापात आहे. यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही; सुताराचा पोलादी टेप पुरे. लाकडी अथवा प्लास्टिकची पट्टी वापरू नये, कारण अशा पट्ट्यांच्या खुणा पुष्कळदा अचूक नसतात आणि येथे प्रश्न मिलिमीटराचा आहे.

प्रथम चेन फडक्याने पुसून घ्यावी. पायडलवर हाताने थोडा दाब देऊन मागचा ब्रेक धरावा, म्हणजे वरची चेन ताणून राहील. सैल चेन मोजल्यास झीज दिसत नाही. टेपच्या टोकाचा आकडा जाणूनबुजून हलता ठेवलेला असतो, म्हणून टोकापासून मोजू नये. टेपवरील १ इंचाची खूण एका खिळ्याच्या डाव्या कडेला लावावी. तेथून चोवीस अंतरे मोजावीत आणि तेथे असलेल्या खिळ्याची डावी कडच पाहावी. नव्या चेनमध्ये ही कड बरोबर १३ इंचांच्या खुणेवर येईल, कारण चोवीस अर्धे इंच म्हणजे एक फूट.

येथे विद्यार्थ्यांची हटकून होणारी चूक लक्षात ठेवावी. चोवीस अंतरांना पंचवीस खिळे लागतात. रस्त्याच्या कडेच्या झाडांचे जे उदाहरण अंकगणितात असते, तेच हे. चोविसावा खिळा धरला तर अर्ध्या इंचाचा फरक पडून सारे माप निरर्थक होते.

दुसरी एक दक्षता अशी की, अंतरांची संख्या नेहमी सम असावी. बाहेरच्या कडीतील दोन्ही खिळे एकाच पट्टीत ठोकलेले असल्यामुळे त्यांच्यामधील अंतर झिजेने वाढत नाही. वाढ होते ती आतल्या कडीच्या दोन बाजूंच्या खिळ्यांमध्ये. एकच अंतर मोजणारा म्हणूनच फसतो: एका जागी त्याला चेन नवीकोरी वाटते, शेजारीच ती दुप्पट झिजलेली वाटते. चोवीस अंतरे एकत्र मोजली की बारा आतल्या व बारा बाहेरच्या कड्या येतात आणि सरासरी आपोआप निघते. चेनच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागी माप घेणे अधिक चांगले.

वहीच्या एका पानाची जाडी मोजण्यासाठी शिक्षक शंभर पानांची जाडी मोजून तिला शंभराने भागावयास शिकवितात. येथेही तीच युक्ती आहे. झिजलेल्या चेनमध्ये एका सांध्याची सरासरी वाढ मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकीच असते. ती डोळ्याला दिसणार नाही. चोवीस सांध्यांची वाढ एकत्र केली की ती तीन मिलिमीटर होते आणि पोरालाही वाचता येते.

पोलादी टेप मिळत नसेल आणि कंपासपेटीतील पट्टीपेक्षा चांगली अशी ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी हाताशी असेल, तर वीस अंतरे मोजावीत. नव्या चेनमध्ये ती २५४ मिलिमीटर भरतात.

५. अर्धा सूत आणि एक सूत

खेड्यातील सुतार आणि लोहार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. चेनचा निर्णय या सुतावरच सांगता येतो, आणि तो पालकांनाही चटकन समजतो.

फुटामागे वाढ अर्ध्या सुताहून कमी असेल, तर चेन चांगली आहे. तेल घालावे आणि वापरावी. तिच्यात बदल करण्याचा सल्ला कोणी दिला तरी खर्च करू नये.

वाढ अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग झाली, तर चेनने आपली मेळाची हद्द गाठावयास प्रारंभ केला आहे. शंभरामागे ही वाढ सुमारे अर्धा होते. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन याच वेळी बदलावी. साध्या, एकाच वेगाच्या सायकलीची चेन रुंद आणि दणकट असते. तिला अधिक अवधी देता येतो. अशी चेन नोंद करून ठेवावी, दरमहा मोजावी, आणि पालकाला आताच सांगून ठेवावे की पुढील काही महिन्यांत चेनपुरते पैसे बाजूला काढावे लागतील. गरीब घरी खर्च आधी कळला तर तो सोसतो. अकस्मात आला तर सायकल भिंतीला टेकून राहते.

वाढ एक सूत होण्याच्या आत चेन बदललीच पाहिजे. शंभरामागे एक ही वाढ दिसावयास लहान, पण तोपर्यंत लांबलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दातेही आपल्या मापाने झिजवून घेतलेले असतात. वाढ एक सूत ओलांडून गेली असेल, तर नुसती नवी चेन घालून काम बहुधा भागत नाही. नवी चेन अर्ध्या इंचाची आणि दाते मात्र जुन्या चेनच्या सवयीचे. अशी विजोड जोडी जोर देताच घसरते.

वीस अंतरांच्या मापात हेच आकडे सांगावयाचे तर २५४ मिलिमीटरच्या जागी सव्वा मिलिमीटर वाढ म्हणजे पहिली पायरी आणि अडीच मिलिमीटर वाढ म्हणजे दुसरी पायरी होय.

येथे एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो. चेन आणि दाते सर्वच झिजले असतील, तर ते एकमेकांशी जुळलेलेच असतात. मग ते तसेच शेवटपर्यंत वापरून सर्व एकदम का बदलू नये? हा विचार अगदीच त्याज्य नाही. सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालविणारा प्रौढ मनुष्य असे करू शकतो आणि कित्येकजण करतातही. परंतु शाळेला जाणाऱ्या मुलीच्या सायकलीला हा हिशेब लावू नये. चढावर ती पायडलवर उभी राहते; त्या क्षणी चेन घसरली अथवा तुटली तर साऱ्या देहाचा भार पोकळीत जातो, पाय खाली आपटतो आणि हँडल वाकडे होते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यावर अशा एका झटक्याची किंमत चेनच्या किमतीशी ताडून पाहता येणार नाही.

६. कडी काढणे हा उपाय नव्हे

खेडोपाडी चेन फार ढिली झाली की एक जोडकडी काढून ती आखूड करण्याची पद्धत आहे. कारागिराला दोष देण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक सर्वांत स्वस्त उपाय मागते, आणि तो देतो. चेनची लांबी त्यामुळे कमी होते खरी, पण सांध्यासांध्यांतील फट जशीच्या तशी राहते. अर्धा इंच हा आता अर्धा इंच राहिलेला नाही, ही मूळ व्याधी कडी काढल्याने बरी होत नाही. चेन घट्ट दिसते, मालक निश्चिंत होतो आणि दात्यांचा नाश अधिक जोमाने सुरू राहतो.

हिशेबानेही हे पडताळून पाहता येते. ११२ सांध्यांची चेन ५६ इंच, म्हणजे सुमारे पावणेपाच फूट लांब असते. जोडकडी काढल्याने ती एक इंचाने आखूड होते. केवळ झिजेमुळे तेवढी, म्हणजे आठ सूत, लांबी वाढावयाची तर फुटामागे वाढ जवळजवळ पावणेदोन सूत झालेली असली पाहिजे. चेन बदलण्याची हद्द एका सुताची. अर्थात झिजेने ज्या दिवशी कडी काढण्याची पाळी आली, त्या दिवसाच्या कितीतरी आधी चेन बदलावयास हवी होती. बसविताना मुळातच लांब राहिलेल्या नव्या चेनची कडी काढणे हा वेगळा आणि योग्य प्रकार होय.

याच हिशेबातून टेपवाचूनची एक खूणही हाती येते. लांबलेली चेन वरून आणि खालून अशा दोन पदरांत विभागलेली असल्यामुळे मागचे चाक वाढीच्या निम्मेच मागे ओढावे लागते. नवी चेन घालून ती नीट बसली की मागच्या खाचेजवळ, आस जेथे आहे तेथे खिळ्याने एक बारीक ओरखडा करून ठेवावा. पुढे चेन ताणता ताणता आस त्या ओरखड्यापासून एक सूत मागे गेली, म्हणजे चेनची पहिली पायरी आली. पाव इंच मागे गेली, म्हणजे दुसरी पायरी अगदी जवळ आली असे समजावे आणि टेपने माप घेऊन खात्री करावी.

७. दात्यांची परीक्षा

चेन बदलण्यापूर्वी दाते पाहावेत. चांगला दाता दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो. झिजलेला दाता एका बाजूने कोरला जाऊन मांजराच्या नखासारखा वाकडा दिसतो. प्रथम खराब होते ते फ्रीव्हील. कारण वरच्या उदाहरणात पुढचे चक्र एकदा फिरते तेव्हा फ्रीव्हील २ पूर्णांक २/३ वेळा फिरत असते, आणि तितकाच भार थोड्या दात्यांवर पडतो. म्हणून एका पुढच्या चक्राच्या आयुष्यात चेन व फ्रीव्हील अनेकदा बदलावी लागणे हे स्वाभाविक आहे. चेन वेळच्या वेळी बदलली तर एकच फ्रीव्हील एकाहून अधिक चेनना साथ देते. काटकसर म्हणतात ती हीच.

नवी चेन बसविल्यावर एक गोष्ट विसरू नये. चेनची दोन टोके जोडणाऱ्या लॉकवर नालाच्या आकाराची एक क्लिप असते. तिचा बंद भाग चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावा आणि उघडा भाग मागे. उलटी बसविलेली क्लिप कशाला घासून निघाली तर चेन वाटेतच सुटते. हे पाहावयास अर्धे मिनिटही लागत नाही.

८. निगा

चेनचे आयुष्य महिन्यांत सांगता येत नाही. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सायकलींपैकी डांबरी रस्त्याने जाणारीची चेन टिकते आणि ओढ्यातून, चिखलातून, पांदीतून जाणारीची लवकर जाते. तथापि हे आयुष्य वाढविणे पुष्कळ अंशी मालकाच्या हाती आहे.

तेल चेनच्या बाहेर नव्हे, खिळा आणि नळी यांच्यामध्ये हवे. आधी कोरड्या फडक्याने चेन पुसावी. मग खालच्या पदरावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर पातळ यंत्रतेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल काही वेळ उलटे फिरवावे आणि शेवटी बाहेरचे तेल पुसून टाकावे. पुसण्याचा हा शेवटचा भाग सर्वजण गाळतात. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि तेल व धूळ मिळून सांधे घासणारा लेप तयार होतो. स्वयंपाकघरातील तेल वापरू नये. ते काही दिवसांनी चिकट होते. मोटारीतून काढलेल्या जळक्या तेलात धातूचा कीस असतो, म्हणून तेही वर्ज्य. रॉकेलसारख्या द्रवाने चेन धुतली असेल, तर ती पूर्ण वाळल्यावाचून तेल घालू नये. पावसाळ्यात भिजलेली सायकल रात्रभर तशीच ठेवू नये, निदान चेन पुसून ठेवावी. चेनकव्हर असलेल्या सायकलीची चेन धुळीपासून वाचते. पण ती दृष्टीआड असल्याने तिची कोणी चौकशी करीत नाही. तिचीही पाळी ठरवून तपासणी व्हावी.

मुलांना एक सूचना पुनःपुन्हा द्यावी. पायडल फिरत असताना चेन व चक्र ज्या ठिकाणी भेटतात, तेथे फडके किंवा बोट कधीही नेऊ नये. ओढणी, पदर अथवा सैल पायजमा तेथे अडकणार नाही याचीही दक्षता घ्यावी.

९. शाळेत काय करता येईल

शिक्षकाने कारागीर व्हावे अशी अपेक्षा नाही. खेड्यातील सायकल-दुरुस्तीवाल्याचे कसब त्याच्याकडेच राहावे आणि त्याची मजुरी त्याला मिळावी हेच योग्य. शिक्षकाने करावयाचे काम मोजण्याचे आणि नोंदविण्याचे आहे, आणि त्या कामात त्याचा हातखंडा असतोच.

दर महिन्यातील एक ठरावीक दिवस सायकल-तपासणीचा असावा. सहावी-सातवीच्या मुलांच्या जोड्या पाडाव्यात. एकाने चेन ताणून धरावी, दुसऱ्याने मोजावे. मग अदलाबदल करून पुन्हा मोजावे. दोघांची मापे जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा मोजावे. मापन, अपूर्णांक, सरासरी, शेकडेवारी आणि आलेख हे सारे पाठ या एका कामात येतात, तेही मुलांच्या स्वतःच्या वस्तूवर. वहीत चार रकाने पुरेत: मुलाचे किंवा मुलीचे नाव, तपासणीचा दिनांक, फुटामागील वाढ, आणि शेरा. शेऱ्यात तीनच शब्द असावेत: "चांगली", "लक्ष ठेवावे", "बदलावी".

मुलींनी मोजण्याच्या कामात मागे राहू नये, याकडे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ घरी सायकल मुलीची आणि तिच्यासंबंधीचा निर्णय भावाचा, अशी वाटणी असते. जिला स्वतःच्या चेनचे माप ठाऊक आहे, ती घरी आणि दुकानात नेमके बोलू शकते. "सायकल नीट चालत नाही," असे सांगणाऱ्या मुलीला थांबावयास सांगतात. "फुटामागे पाऊण सूत वाढ झाली आहे, फ्रीव्हील अजून चांगले आहे, आता नुसती चेन बदलली तर भागेल," असे सांगणाऱ्या मुलीचे म्हणणे वडिलांना आणि कारागिरालाही विचारात घ्यावे लागते.

ज्या सायकलीच्या शेऱ्यात "बदलावी" आले, तिच्या पालकास त्याच आठवड्यात निरोप जावा. पालकाची ऐपत नसेल तर तो प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येईल. एका चेनइतकी रक्कम गावातून उभी राहणे बहुधा कठीण पडत नाही; चेन, फ्रीव्हील आणि चक्र अशा तिघांची रक्कम मागावयाची झाल्यास तेच काम अवघड होऊन बसते. वेळेवर मोजण्याचे महत्त्व येथे रोकड्या व्यवहारात दिसते.

येत्या महिन्यात प्रत्येक शाळेने एक पोलादी टेप मिळवावा, शाळेत येणाऱ्या सर्व सायकलींच्या चेन एकदा मोजाव्यात आणि पहिली नोंद वहीत करावी. शिक्षकांच्या स्वतःच्या सायकलीही त्या नोंदीतून वगळू नयेत. आणि हजेरीपटावर एखादे नाव दोन-तीन दिवस सलग गैरहजर दिसले, की त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावासमोर सायकल-तपासणीच्या वहीत मागच्या महिन्यात काय शेरा आहे, तो प्रथम पाहावा.